स्वेटरताई आणि न झोपणारी यंत्रं

भर उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटेल अशा दुपारी, एखादी बाई जाड निळा लोकरी स्वेटर घालून चालली असेल तर लोक वळून बघणारच. या रुग्णालयात मात्र आता कोणी बघत नाही. पेशंटचा एखादा नवखा नातेवाईक शेजारच्याला कोपरानं ढोसतो, तेव्हा त्याला एवढंच उत्तर मिळतं, "त्या होय? त्या आमच्या स्वेटरताई." आणि एवढ्यावर त्याचं समाधान झालं पाहिजे अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

खरं तर यात गूढ काही नाही. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, जिथे पूर्वी धुतलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवायचे, तिथे आता रुग्णालयाचे सर्व्हर आहेत. उंच लोखंडी कपाटात एकावर एक रचलेले, काळे, चपटे, दिवसरात्र घोंघावणारे संगणक. कोणाच्या रक्ताचा रिपोर्ट, कोणाचा एक्स-रे, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं त्यांच्या पोटात. ते तापतात म्हणून खोली गार ठेवायची, खोली गार म्हणून ताईंनी स्वेटर घालायचा, आणि बाहेर आल्यावर तो काढायचं त्या विसरतात. स्वेटर त्यांच्या आईनं विणलेला आहे आणि त्याची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब आहे. आईच्या मते ताईंचा हातच तेवढा लांब आहे.

ताई काही संगणक शिकून इथे आल्या नव्हत्या. त्या आल्या केसपेपरच्या खिडकीवर, नावं-पत्ते लिहायला. मग खिडकीवर संगणक आला. बाकीच्यांनी त्याच्यावर फुलदाणी ठेवली आणि ताईंनी त्याचं झाकण उघडून आत बघितलं. फरक म्हणाल तर एवढाच. पुढे अभ्यासक्रम झाले, परीक्षा झाल्या, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास होणं झालं, आणि चादरींची खोली त्यांच्या ताब्यात आली. एका भिंतीवर चादरींच्या लाकडी फळ्या अजून आहेत. तिथे ताई वायरींची भेंडोळी आणि स्वतःचा जेवणाचा डबा ठेवतात.

त्यांच्या खोलीत एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची होती, आणि तिचा त्यांना मनापासून अभिमान होता. तिला त्या 'पहारेकरी' म्हणायच्या. हा पहारेकरी म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. तो प्रत्येक यंत्राला दर सेकंदाला विचारायचा, बरं आहे ना? ताप किती? श्वास लागलाय का? आत काय काय चाललंय? वीज किती खातोयस? आणि यंत्रांनी दिलेली उत्तरं ताईंच्या पडद्यावर हिरव्या रेघांनी सरकत राहायची. या पहारेकऱ्यामागे एक दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी एक यंत्र काही न सांगता-सवरता बसलं आणि एका आख्ख्या सकाळचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन गेलं. लोकांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. ज्यांनी आरडाओरडा केला ते ताई विसरल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र काही न बोलता दुसऱ्या हाताची बाही वर केली होती, ते काही त्यांच्या डोळ्यासमोरून जाईना. तेव्हापासून त्या यंत्रांवर डोळ्यात तेल घालून बसल्या.

आता काचपेटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायच्या काचपेट्या रुग्णालयात दोन होत्या. तिसरी देणगीत आली होती, नवी कोरी, आणि ती बाळांच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिक पांघरून उभी होती. कारण वीज. इथे वीज जाते, आणि जाते ती बहुतेक दुपारी, ओपीडी संपल्यावर. जनरेटर आहे, पण तो ऑपरेशनची खोली आणि पाण्याचा पंप एवढंच ओढतो, आणि तेही मधूनमधून दम खात. म्हणून ज्यांना क्षणभरही वीज गेलेली चालत नाही अशा दोन खोल्या, बाळांची आणि सर्व्हरची, बॅटऱ्यांच्या एकाच संचावर जोडलेल्या होत्या. दोन पेट्या आणि सगळे सर्व्हर मिळून बॅटऱ्या वीज परत येईपर्यंत कशाबशा पुरायच्या. तिसरी पेटी लावली तर त्या आधीच मान टाकतील, असं वायरमन काकांचं म्हणणं होतं. काका रुग्णालयाइतकेच जुने, आणि बॅटऱ्यांच्या खोलीची किल्ली ते करगोट्याला बांधल्यासारखी सांभाळत.

बाळांच्या खोलीच्या सिस्टर त्या दिवशी मोठ्या साहेबांकडे बैठकीला आल्या त्या ठरवूनच. साहेब म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख. डोक्यानं हिशेबी, पण माणूस वाईट नाही.

"तिसरी पेटी मला हवी आहे," सिस्टर म्हणाल्या. "गेल्या महिन्यात दोन्ही पेट्या भरलेल्या होत्या म्हणून एका बाळाला गाडीत घालून दूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. आई इथेच राहिली, टाके घातलेली. बाळ पोचलं, वाचलं. पण सगळा रस्ता माझा हात त्या पांघरुणात होता, आणि ते गार पडतंय का एवढंच मी बघत होते. मला पुन्हा तसं जायचं नाही."

मग साहेब ताईंकडे वळले.

"ताई, दुपारी तुमची यंत्रं तशी रिकामीच असतात ना? काम नसताना ती वीज कमी खात असतील. नेमकं मोजून सांगा. वाचत असेल तर पेटी लावू. नाहीतर शेजारच्या गावचं रुग्णालय ती मागतंय. शनिवारी त्यांची गाडी येईल. इथे धूळ खात ठेवण्यात काय अर्थ आहे?"

ताईंनी मोजलं. त्यात काही कसर ठेवली नाही. ओपीडी संपल्यावर, खिडक्यांवरचे संगणक बंद झाल्यावर, कुठल्याही यंत्राला काही काम उरलं नाही याची खात्री करून, त्या पडद्यासमोर बसल्या आणि पहारेकऱ्याच्या हिरव्या रेघा बघत राहिल्या. रेघा खाली येतील म्हणून वाट बघितली. रेघा जागच्या हलल्या नाहीत. यंत्रं रिकामी होती, आणि तरीही सकाळच्या धावपळीत खातात त्याच्या जवळपासच वीज खात होती. ताईंना वाटलं, यंत्रं स्वतःबद्दल खोटं सांगत असतील. म्हणून त्यांनी काकांना बोलावलं. काकांनी वीज मोजायचं चिमट्याचं मीटर खोलीच्या मुख्य वायरीला लावलं. अठराशे वॅट. यंत्रं खरंच सांगत होती.

"तुमची ही कार्टी रिकामी बसूनसुद्धा खातात," काका म्हणाले. "आमच्या घरी दोन आहेत अशी."

दुसऱ्या दिवशी ताईंनी साहेबांना सांगितलं की यंत्रं निवांत असली तरी वीज तेवढीच लागते, वाचवण्यासारखं काही नाही. साहेबांनी मान हलवली. सिस्टर भांडल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं. पण त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि उठल्या, आणि जाताना पॅसेजमधल्या पेटीवरचं प्लास्टिक नीट करून गेल्या. आकडा बरोबर होता, दोनदा तपासलेला होता, आणि तरी आपण कोणाचं तरी काहीतरी हिसकावून घेतलंय असं त्यांना वाटत राहिलं.

ताईंचं घर रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत. दुपारी त्या जेवायला घरी जायच्या, डबा असला तरीही, कारण घरी आई होती. हिवाळ्यात आईला हृदयाचा झटका येऊन गेला होता. त्यातून ती उठली, बोलायला लागली, आणि बोलायला लागली म्हणजे बरी झाली असं सगळ्यांनी धरलं. सगळ्यांनी, फक्त ताई सोडून. डॉक्टरांनी दुपारी झोप सांगितली होती. आई खिडकीजवळच्या पलंगावर आडवी व्हायची, आणि ताई दारातून बघायच्या की पांघरूण वर-खाली होतंय का. दारातून नीट दिसायचं नाही. मग त्या जवळ जायच्या. जवळूनही खात्री पटायची नाही. मग त्या हळूच विचारायच्या, "आई, झोपलीस का?"

साहेबांना आकडा दिला त्याच्या दुसऱ्या दुपारीही त्यांनी विचारलं. ताट वाढून घेतलं होतं, पहिला घास हातात होता, आणि पलंगावरून काही आवाज येईना म्हणून त्या घास तसाच ठेवून उठल्या.

"आई, झोपलीस का?"

आईनं डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाली, "झोपले होते."

"बरं, झोप मग."

"आता कशाला झोपू? आता तू जेवून जाशील, जाताना एकदा विचारशील. मग त्याचं उत्तर द्यायला मी जागी नको?"

"मी फक्त बघायला येते गं."

"बघ की. बघायला कोण नाही म्हणतंय? पण डोळा लागतो न लागतो तोच तू येऊन उभी. दार करकरतं, तुझ्या चपला वाजतात, आणि वर विचारणं. आणि परवा डॉक्टरना काय सांगितलंस? म्हणे आईला दुपारी झोपच लागत नाही. त्यांनी गोळी लिहून दिली. मला गोळी कशाला? तुला द्या म्हणावं."

ताई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. त्यांचा हात तसाच पलंगाच्या कठड्यावर राहिला.

"काय झालं?" आईनं विचारलं. "तोंड असं का केलंस?"

"आई, मी पण तेच केलं."

"काय तेच?"

"मी साहेबांना सांगितलं, यंत्रांना झोपच लागत नाही."

आईनं उशीवरून मान उचलून मुलीकडे नीट बघितलं. झटका आपल्याला आला होता की हिला, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आईला काय समजावणार? रिकामं यंत्र लगेच गाढ झोपत नाही. ते आधी एक दिवा मालवतं, मग दुसरा, मग पंखा हळू करतं, अशी एकेक पायरी उतरत जातं. आणि इथे पहारेकरी दर सेकंदाला दार वाजवत होता, बरं आहे ना? झोपलास का? वीज किती खातोयस? बिचारं यंत्र उत्तर द्यायला पुन्हा सगळे दिवे लावायचं. आकडा खोटा नव्हता. काकांचं मीटरही खोटं नव्हतं. मोजमाप चाललं होतं ते जाग्या ठेवलेल्या यंत्रांचं, आणि जागं ठेवणारी बाई वॅट बघत खुर्चीत बसली होती.

"जेवून तरी जा," आई ओरडली. पण ताई तोवर दाराबाहेर होत्या, उन्हात, स्वेटरसकट.

काकांना बॅटऱ्यांच्या खोलीतून बाहेर काढणं हे एक कामच होतं. "परवाच तर मोजलं," ते म्हणाले. "मीटर काय रोज वेगळं सांगेल?"

"परवा मी आत बसले होते. आज कोणी बसणार नाही."

"तुम्ही बसल्यानं वीज वाढते?"

"हो."

काकांनी हे ऐकून घेतलं आणि मीटर उचललं. वाद घालण्यापेक्षा एकदा दाखवून द्यावं, असा त्यांचा स्वभाव होता.

पण पहारेकऱ्याला बंद करायची वेळ आली तेव्हा ताईंचा हात अडखळला. इतकी वर्षं तो एक क्षणही थांबला नव्हता. तो थांबला की पडदा काळा, आणि काळ्या पडद्यामागे काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. त्यांना ती वर केलेली बाही आठवली. त्या खरोखर घाबरल्या होत्या, आणि घाबरल्याचं काकांना कळू नये म्हणून त्यांनी उगाचच वायरी सारख्या केल्या. मग त्यांनी पहारेकरी थांबवला, उघड्या खिडक्या एकेक करून मिटल्या, पडदा बंद केला, खोलीबाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

बाहेर भिंतीवरच्या विजेच्या पेटीत काकांनी वायरीला चिमटा लावला होता. आकडा तोच. अठराशेच्या आसपास. काकांनी ताईंकडे बघितलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"थांबा जरा," ताई म्हणाल्या. "झोपायला वेळ लागतो."

आधी बदलला तो आवाज. दारामागची घरघर ताईंच्या कानात इतकी मुरलेली होती की ती त्यांना एरवी ऐकूच यायची नाही. ती आता उतरायला लागली तेव्हा त्यांना ती पहिल्यांदा नीट ऐकू आली. एक पंखा हळू झाला, मग त्याच्या शेजारचा. मीटरवरचा आकडा सोळाशेवर आला, तिथे घुटमळला, पुन्हा घसरला. शेवटी तो अकराशेच्या घरात येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

काकांनी मीटर काढलं, झटकलं, पुन्हा लावलं. अकराशे. मग म्हणाले, "बिघडलं." आणि तडक जाऊन परिचारिकांच्या खोलीतली पाणी तापवायची किटली घेऊन आले, तिच्यावर मीटर लावून बघितलं, किटलीचा आकडा किटलीवर छापल्याइतकाच आला, आणि किटली न विचारता नेली म्हणून दोन सिस्टर त्यांच्यामागे बोलत आल्या. आता पॅसेजमध्ये चांगली गर्दी झाली होती.

"आत काही जळालं तर नाही ना?" काकांनी विचारलं.

ताईंच्या मनातही नेमकं तेच आलं होतं. त्यांनी दार उघडलं, पडदा आणि पहारेकरी चालू केले, आणि सगळी यंत्रं एकदम खडबडून जागी झाली. बाहेरून काकांची हाक आली, "चढला बघा, चढला." सगळी ठणठणीत होती. ताईंनी पुन्हा दोन्ही बंद केलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. पण गर्दीसमोर त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

साहेबांसमोर जाणं सोपं नव्हतं. आकडा कालच दिला होता, आणि गाडीला होकारही गेला होता.

"माझी चूक झाली," ताई उभ्यानंच म्हणाल्या. "मी यंत्रं रिकामी आहेत असं समजून मोजलं. ती रिकामी नव्हती. माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होती."

साहेबांनी समजून घ्यायला वेळ घेतला, पण समजून घेतलं. मग त्यांनी जे विचारलं ते ताईंना सर्वांत नको होतं. "आणि विचारायचं बंद केलं, आणि एखादं यंत्र मागच्यासारखं बसलं तर?"

उत्तर द्यायला ताईंनी एक दिवस मागून घेतला. घरी येऊन त्या गप्प गप्प जेवल्या. आईनं कारण काढून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय? मला काही झालं तर मी हाक मारीन की. तू सारखी विचारतेस म्हणून मी हाक मारायचंच सोडून दिलंय."

दुसऱ्या सकाळी ताईंनी पहारेकऱ्याला नवीन शिस्त लावली. सारखं दार वाजवायचं नाही. बऱ्याच वेळानं एकदा, चोरपावलांनी, एक चक्कर. बाकी वेळ यंत्रांनीच सांगायचं. ताप चढला, पंखा अडकला, माहिती साठवायची चकती कुरकुरायला लागली, तर ज्याचं त्यानं ओरडायचं, आणि ते ओरडणं ताईंच्या फोनवर यायचं. हे करता येतं हे त्यांना आधीपासून माहीत होतं. फक्त यंत्रांवर तेवढा विश्वास टाकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मुद्दाम एका पंख्याची वायर काढून बघितली. फोन खिशात असा काही केकाटला की केसपेपरच्या खिडकीवरून लोक धावत आले. साहेबांना तेवढं उत्तर पुरलं.

शुक्रवारी दुपारी तिसरी पेटी रिकामीच लावली. आत बाळाच्या जागी सिस्टरनी पाण्याची पिशवी ठेवली आणि तिला टोपरंही घातलं. का घातलं ते कोणी विचारलं नाही. वीज गेली. काका बॅटऱ्यांपाशी, सिस्टर पेटीपाशी, ताई आपल्या बंद दाराबाहेर स्टुलावर, हात मांडीवर घेऊन. आत जायची त्यांना इतकी ओढ लागली होती की शेवटी त्या हातांवरच बसल्या. वीज आली तेव्हा सबंध दुपार सरली होती. काकांनी बॅटऱ्यांच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं.

"शिल्लक आहे अजून," ते म्हणाले, आणि दुसऱ्याचं श्रेय आपल्या तोंडून निसटतंय असं वाटून पुढे म्हणाले, "बॅटऱ्यांची निगा राखली की होतं असं."

शनिवारी गाडी आली. साहेबांनी तिला रिकामं परत पाठवलं नाही. गोदामातली दोन जुनी लोखंडी कपाटं तिच्यात घातली आणि वर उपकार केल्याचा चेहरा केला. पॅसेजमधलं प्लास्टिक सिस्टरनी घडी करून ताईंना आणून दिलं. "तुमच्या फळीवर ठेवा," त्या म्हणाल्या. "मला ते पुन्हा दिसायला नको."

घरीही एक बदल झाला. ताईंनी जुन्या सायकलची घंटी आणून आईच्या पलंगाच्या कठड्याला बसवली. काही वाटलं तर वाजव, मी बाहेरच्या खोलीत आहे, एरवी येणार नाही. आई पहिल्या दिवशी गाढ झोपली, अगदी घोरली, आणि ताईंनी ते बाहेरून ऐकलं आणि त्यांना ते कुठल्याही गाण्यापेक्षा बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून घंटी वाजायला लागली. चहासाठी, चष्म्यासाठी, खिडकीत मांजर आलंय हे सांगण्यासाठी. ताई कपाळाला हात लावायच्या, पण धावत जायच्या.

काही आठवड्यांनी, अशाच एका दुपारी, ताई बाळांच्या खोलीवरून चालल्या होत्या. तिन्ही पेट्या भरलेल्या होत्या. तिसऱ्या पेटीतली मुलगी आदल्या दिवशी आली होती, तळहातावर मावेल एवढी, आणि तिचा बाप काचेला नाक लावून उभा होता. अंगावर गवंडीकामाचे कपडे, केसांत सिमेंट. त्यानं ताईंच्या स्वेटरकडे बघितलं, काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात वीज गेली.

पॅसेजमधला पंखा गरगरत थांबला. दिवे गेले. त्या माणसानं झटकन काचेतून आत बघितलं, दोन्ही हात काचेवर आपटले, आणि मग ते तसेच काचेवर राहिले. आत पेटीवरचा छोटा हिरवा दिवा तसाच लागलेला होता. पेटीतली मुलगी मूठ तोंडाशी धरून झोपली होती.

"ती चालू राहते," ताई म्हणाल्या.

त्यानं वळून बघितलं. ही स्वेटर घातलेली बाई कोण, हे त्याला माहीत नव्हतं, पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं. "किती वेळ?"

"वीज परत येईपर्यंत."

"नक्की?"

"नक्की, दादा. बघितलंय आम्ही."

त्याचे खांदे खाली आले. त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि पुसता पुसता बराच वेळ रुमाल तोंडावरच धरला. ताई तोवर दुसरीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा काच गाठली, टाचा उंचावून आत डोकावला, मग या बाजूनं, मग त्या बाजूनं. मग त्यानं बोटानं काचेवर हळूच टकटक केलं.

"नका वाजवू," ताई म्हणाल्या. "झोपलीय ती. काही लागलं तर पेटी स्वतः ओरडते, सिस्टर लगेच येतात. तुम्ही जाऊन काहीतरी खाऊन या."

त्याला ते पटलं. मान हलवून तो जिन्याकडे गेला. ताईही आपल्या खोलीकडे निघाल्या. जिन्यापर्यंत गेल्या, थांबल्या, मागे आल्या, आणि काचेला हात न लावता एकदा बघून गेल्या.